जमिनीखालचे तेल, कागदावरचे पिंप

९ जानेवारी २००४ रोजी रॉयल डच/शेल या बलाढ्य तेलसमूहाने एक निवेदन काढले. आजवर ‘सिद्ध’ म्हणून दाखवलेल्या साठ्यातले ३९० कोटी पिंप, म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा, यापुढे त्या सदरात धरता येणार नाही, असे त्यात म्हटले होते. विहिरीला आग लागली नव्हती, कोणत्या सरकारने तेलक्षेत्र ताब्यात घेतले नव्हते. तेल जिथे होते तिथेच होते. तरीही त्या दिवशी समभाग सात-आठ टक्क्यांनी कोसळले आणि मार्च उजाडताच अध्यक्ष सर फिलिप वॉट्स व उत्खनन-उत्पादन विभागाचे प्रमुख वॉल्टर व्हान द व्हायव्हर यांना पायउतार व्हावे लागले.

तेल कंपनीची मुख्य मालमत्ता कोणी डोळ्यांनी पाहिलेली नसते. ती दोन-तीन किलोमीटर खोल खडकात असते आणि गुंतवणूकदाराच्या हाती येतो तो फक्त एक आकडा. यंदा जेवढे तेल उपसले तेवढे नवे साठ्यात जमा झाले की नाही, या एका प्रश्नावर कंपनीचे भवितव्य जोखले जाते. त्यामुळे हा आकडा कसा तयार होतो, हे समजून घेणे तेलाशी थेट संबंध नसलेल्यालाही गरजेचे आहे. शेवटी त्याच्या निवृत्तिवेतनाचे, विम्याचे पैसे याच आकड्यावर विसंबून गुंतवलेले असतात.

मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, अरबी समुद्रात, १९७४ साली ‘सागर सम्राट’ या समुद्रतळावर पाय टेकून उभ्या राहणाऱ्या (जॅक-अप) रिगने मुंबई हायचा शोध लावला. तिथले तेल प्रामुख्याने चुनखडकात आहे. अशा क्षेत्राचा पहिला अंदाज बांधण्याची रीत साधी दिसते. भूकंपीय सर्वेक्षणातून खडकाच्या थराचा विस्तार काढायचा, विहिरींतून जाडी मोजायची, खडकात बारीक पोकळ्या किती टक्के आहेत आणि त्यांत पाणी किती, तेल किती, हे ठरवायचे. खालच्या दाबातून वर येताना तेलातला वायू सुटतो आणि तेल आकसते, तेही वजा करायचे. एवढे झाले की मिळते ते फक्त ‘जागेवरचे तेल’. त्यातले वर किती येईल, हा खरा पेच. जगभरात सरासरीने साधारण एक तृतीयांश तेलच हाती लागते. उरलेले खडकाला चिकटून राहते.

यातला प्रत्येक आकडा मोजक्या विहिरींवरून शेकडो चौरस किलोमीटरला लावलेला असतो. म्हणूनच क्षेत्र नवे असताना अंदाजात प्रचंड तफावत राहते. उत्पादन सुरू झाले, की खडकातला दाब किती उतरला आणि रोजचे उत्पादन कोणत्या वेगाने घटते आहे, यावरून तोच अंदाज दुसऱ्या वाटेने तपासता येतो. घटत्या उत्पादनाची वक्ररेषा पुढे ओढण्याचे जे. जे. आर्प्स यांनी १९४५ साली मांडलेले सूत्र आजही रोजच्या वापरात आहे.

या अनिश्चिततेची प्रतवारी करण्यासाठी तीन शब्द आहेत : सिद्ध, संभाव्य आणि शक्य. प्रत्यक्षात मिळणारे तेल जाहीर आकड्याइतके किंवा त्याहून जास्त असण्याची शक्यता किमान ९० टक्के असेल, तरच तो साठा सिद्ध. सिद्ध आणि संभाव्य मिळून होणाऱ्या आकड्यासाठी ही शक्यता ५० टक्के, आणि तिन्हींच्या बेरजेसाठी अवघी १० टक्के पुरते.

पण सिद्ध ठरायला निव्वळ भूगर्भशास्त्र पुरत नाही. आजच्या भावात ते तेल काढणे परवडले पाहिजे, परवान्याच्या मुदतीत ते निघाले पाहिजे, प्रकल्पाला मंजुरी हवी आणि मालाला बाजारही हवा. अमेरिकेच्या रोखे आयोगाचा, म्हणजे ‘सेक’चा, या अटींवर १९७८ पासून कटाक्ष आहे. शेल घसरली ती इथेच.

ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्याजवळच्या गॉर्गन वायुक्षेत्रातला आपला वाटा शेलने १९९७ मध्ये सिद्ध म्हणून नोंदवला. तेव्हा वायू विकत घेणारा कोणी ठरलेला नव्हता. प्रकल्पात पैसा घालण्याचा अंतिम निर्णय झाला २००९ मध्ये आणि द्रवरूप वायूचे पहिले जहाज निघाले मार्च २०१६ मध्ये. म्हणजे वायू खरा होता, पण त्याची नोंद जवळजवळ दोन दशके आधी झाली होती. नायजेरियात परवान्याच्या मुदतीत उपसता येणार नाही एवढे तेल दाखवले होते. ओमानमध्ये उत्पादन घसरत असतानाही आशेवर आकडे टिकवले होते. या साऱ्यावर देखरेख करायला कंपनीचा एकच अंतर्गत लेखापरीक्षक होता : निवृत्त अभियंता, अर्धवेळ, हाताखाली कोणी नाही. अधिकाऱ्यांच्या बोनसचा काही भाग मात्र साठ्यातल्या वाढीशी जोडलेला होता. ही रचना पाहिली की फुगवटा झाला याचे आश्चर्य वाटत नाही, तो इतकी वर्षे खपला याचे वाटते. ऑगस्ट २००४ मध्ये ‘सेक’ने १२ कोटी डॉलरचा आणि ब्रिटनच्या नियामकाने १ कोटी ७० लाख पौंडांचा दंड केला. तोवर फुगवट्याचा आकडा ४४७ कोटी पिंपांवर गेला होता.

भावाची अट तर आणखी चमत्कारिक परिणाम घडवते. पूर्वी वर्षाच्या शेवटच्या दिवसाचा भाव धरत. २००८ च्या जुलैत कच्च्या तेलाने पिंपामागे १४७ डॉलर गाठले आणि ३१ डिसेंबरला तेच तेल ४५ डॉलरच्या खाली बंद झाले; त्या एका दिवसाने वर्षभराचा हिशेब ठरला. त्याच डिसेंबरात ‘सेक’ने नियम बदलला आणि बारा महिन्यांच्या पहिल्या तारखांच्या भावांची सरासरी धरायला सांगितले. न खणलेल्या विहिरींचे तेल सिद्ध दाखवायचे, तर त्या साधारणपणे पाच वर्षांत खणण्याचा आराखडा हवा, हेही तेव्हाच ठरले. सुधारणा योग्यच होती, पण सरासरीही शेवटी भावाचीच. २०१६ च्या मंदीत एक्झॉनमोबिलला कॅनडातल्या कर्ल तेलवाळूचे ३५० कोटी पिंप सिद्ध साठ्यातून काढावे लागले आणि एकूण आकडा २,४८० कोटींवरून २,००० कोटींवर आला. वाळूतले डांबरी तेल कुठेही गेले नव्हते.

भारतातला सर्वांत बोलका अनुभव कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला. रिलायन्सच्या डी-६ गटातल्या दोन मुख्य क्षेत्रांतून सुमारे १० लाख कोटी घनफूट वायू मिळेल, असे २००६ च्या विकास आराखड्यात धरले होते. एप्रिल २००९ मध्ये वायू सुरू झाला, २०१० मध्ये शिखरावर गेला आणि तिथून घसरतच राहिला. २०१२ पर्यंत अंदाज सुमारे ३ लाख कोटींवर आला होता. फेब्रुवारी २०२० मध्ये ती दोन्ही क्षेत्रे बंद झाली. खडकाची रचना अपेक्षेपेक्षा गुंतागुंतीची निघाली, विहिरींत पाणी आणि वाळू शिरली, हे कंपनीचे म्हणणे. ठरल्यापेक्षा कमी विहिरी खणल्या, हे सरकारी बाजूचे. वाद लवादापर्यंत गेला. या वायूच्या भरवशावर आखलेले वीजप्रकल्प मात्र इंधनाविना अडकून पडले.

त्याच खोऱ्यात जून २००५ मध्ये गुजरात सरकारच्या जीएसपीसी कंपनीच्या शोधाविषयी २० लाख कोटी घनफुटांचा आकडा जाहीर झाला. प्रत्यक्ष विकास आराखड्यात काढण्याजोगा वायू त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास उरला. खडक घट्ट, दाब आणि तापमान अतोनात. २०१७ मध्ये त्या क्षेत्रातला ८० टक्के हिस्सा ओएनजीसीने घेतला. इथे दोष भूगर्भशास्त्रज्ञांना देणे अन्यायाचे आहे. जमिनीत असलेला वायू आणि बाहेर काढता येणारा वायू यांतला फरक व्यासपीठावरून सांगितला जात नाही, बातमीत छापला जात नाही, आणि सार्वजनिक पैसा त्या मधल्या पोकळीत जातो.

ज्या राष्ट्रीय कंपन्यांना कुठल्याच रोखे बाजाराला उत्तर द्यायचे नसते, त्यांचे आकडे आणखी मोकळे. ओपेकमध्ये उत्पादनाच्या कोट्यांची घासाघीस चालू होती त्या १९८०च्या दशकात कुवेत, संयुक्त अरब अमिराती, इराण, इराक आणि सौदी अरेबिया यांचे साठे काही वर्षांत भरमसाट वाढले. अमिरातीचा तर जवळपास तिप्पट. त्या प्रमाणात नवे शोध लागले नव्हते. सौदी आरामकोने समभाग विक्रीच्या तयारीत बाहेरच्या तज्ज्ञांना, डॅलसच्या डीगोल्यर अँड मॅकनॉटनला, साठा तपासू दिला आणि जानेवारी २०१९ मध्ये सौदी साठा २६ हजार कोटी पिंपांहून अधिक असल्याचे जाहीर झाले. तिथे जुना आकडा टिकला. पण तो तपासला जायला बाजाराची गरज पडली.

जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीने मुंबई हायसाठी ब्रिटिश कंपनी बीपीची तांत्रिक सेवा पुरवठादार म्हणून निवड केली. दहा वर्षांत तेल आणि वायूचे उत्पादन ठरलेल्या पायारेषेपेक्षा ६० टक्क्यांपर्यंत वाढू शकेल, असा अंदाज त्या वेळी सांगितला गेला. पन्नास वर्षे उपसलेल्या या चुनखडकात अजून बरेच तेल आहे, याबद्दल दुमत नाही. पण सिद्धच्या कडक निकषाने त्यातले एक पिंपही या अंदाजाच्या बळावर ताळेबंदात येत नाही. आधी तिथल्या विहिरींनी नव्या उपायांना साथ दिल्याचे मोजमाप यावे लागेल, खर्चाला मंजुरी मिळावी लागेल, आणि मगच ते पिंप एका सदरातून दुसऱ्यात जातील. ओएनजीसीच्या येत्या वार्षिक अहवालांत पाहायचे आहे ते हेच : साठ्यातली वाढ नव्या शोधातून आली, जुन्या अंदाजाच्या फेरतपासणीतून आली, की नुसत्या भावातून.