ऑफ हा हक्क, वार हा वाटाघाटीचा विषय : नव्या नर्स मैत्रिणींसाठी

आपल्या वस्त्यांतील अनेक मुली एएनएम, जीएनएम करून खासगी रुग्णालयांत लागल्या आहेत. कित्येक घरांतली ही पहिलीच शिक्षणावर मिळालेली नोकरी. वस्तीत काम करताना आम्ही या मुलींना भेटतो, तेव्हा पगाराच्याही आधी एक तक्रार ऐकू येते : "ऑफच मिळत नाही."

अशीच एक जीएनएम झालेली मुलगी आमच्याकडे आली होती. नोकरीला तीन महिने झाले होते आणि सलग एकवीस दिवस ड्यूटी सुरू होती. एका नाईटला झोपेच्या गुंगीत तिने एका रुग्णाचे इंजेक्शन दुसऱ्याच्या ट्रेमध्ये ठेवले. सिनिअर सिस्टरच्या वेळीच लक्षात आले म्हणून निभावले. "काही झालं असतं तर एकवीस दिवस कोणी मोजले नसते, चूक माझीच धरली असती," ती म्हणाली. तिला बुधवारचा ऑफ हवा होता. सरकारी भरतीचा अभ्यास ती ज्या दोन मैत्रिणींसोबत करते, त्यांची सुट्टी बुधवारी असते.

तिच्या मागणीत दोन गोष्टी मिसळल्या होत्या. आठवड्याला एक सुट्टी मिळणे हा हक्क आहे. ती बुधवारीच मिळणे हा वाटाघाटीचा विषय आहे. दोन्ही एका दमात मागितल्या की व्यवस्थापन 'बुधवार जमणार नाही' म्हणते आणि त्यात सुट्टीही बुडते.

आधी हक्काचे पाहू. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ मध्ये आस्थापनेच्या व्याख्येत रुग्णालय, दवाखाना, प्रसूतिगृह यांचा समावेश आहे. आस्थापना सातही दिवस चालू ठेवता येते, पण प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग किमान २४ तासांची सुट्टी द्यावी लागते. त्या दिवशी कामावर बोलावले, तर दोन महिन्यांच्या आत बदली सुट्टी द्यावी लागते. हा कायदा लागू होणे कामगारांच्या संख्येवर ठरते. म्हणून नर्स, वॉर्डबॉय, मावशी, रिसेप्शन, सफाई मिळून रुग्णालयात किती माणसे आहेत ते मोजा. संख्येची मर्यादा दुरुस्तीने बदलली आहे, चालू मर्यादा कामगार आयुक्त कार्यालयात विचारून घ्या.

दुसरा आधार सर्वोच्च न्यायालयाचा. खासगी रुग्णालयांतील नर्सेसच्या प्रश्नावर न्यायालयाने २०१६ मध्ये केंद्राला समिती नेमण्यास सांगितले. त्या समितीने ५० खाटांपेक्षा लहान रुग्णालयातही नर्सला किमान २०,००० रुपये पगार असावा, आणि रजा व कामाचे तास राज्य सरकारच्या नर्सेसप्रमाणे असावेत, अशी शिफारस केली. ही शिफारस आहे, कायदा नव्हे. पण बोलणी करताना तिचे वजन पडते.

आता वाराची वाटाघाट. ती मुलगी आणि आम्ही मिळून जी तयारी केली, ती अशी.

पहिले, डायरी. रोजची तारीख, शिफ्ट, आत आल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ लिहा. ड्यूटी लिस्टची नोंद ठेवा, रुग्णाची माहिती मात्र कुठेही उतरवू नका. 'मला कधीच ऑफ नसतो' या वाक्याला उत्तर मिळते, 'सगळ्यांचेच असे आहे.' 'या महिन्यात चारपैकी एकच ऑफ मिळाला, या तारखा' याला तसे उत्तर देता येत नाही.

दुसरे, माणूस आणि वेळ. वॉर्डात गर्दी असताना किंवा शिफ्ट बदलताना विषय काढू नका. पुढच्या महिन्याची ड्यूटी लिस्ट लागण्याआधी इन्चार्ज सिस्टर किंवा मेट्रन मॅडमना वेळ मागा. लिस्ट त्याच लावतात आणि माणसे कमी पडली तर ओरडाही त्याच खातात. त्यांची अडचण सोडवणारी मागणी लवकर मान्य होते.

तिसरे, देवाणघेवाण. एकच वार धरून न बसता दोन पर्याय द्या. रविवार सगळ्यांना हवा असतो, मधला वार तुलनेने सोपा जातो. लक्ष्मीपूजनाची ड्यूटी मी करते, १४ एप्रिल आणि बुद्धपौर्णिमेला मला सोडा, असे आधीच सांगून ठेवता येते.

चौथे, नाईटचा हिशेब. सकाळी आठला नाईट उतरली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पुन्हा ड्यूटी, यालाच कित्येक ठिकाणी 'ऑफ' म्हणतात. २४ तास भरतात खरे, पण तो दिवस झोपेतच जातो. ऑफ नाईट उतरल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजावा, ही मागणी वेगळी आणि स्पष्ट करा.

पाचवे, कागद. बोलणे झाले की त्याच दिवशी दोन ओळींचा अर्ज द्या : "आज झालेल्या चर्चेप्रमाणे माझा साप्ताहिक ऑफ बुधवारी राहील, नोंद व्हावी." पोच घ्या. नवीन नोकरी धरत असाल तर रुजू होण्याआधीच नियुक्तीपत्रात साप्ताहिक सुट्टीची ओळ मागा. मूळ प्रमाणपत्रे पडताळणीला दाखवा, जमा करू नका. कागद अडकले की तोंडही बंद होते.

आणि शक्यतो एकटीने जाऊ नका. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. २४ एप्रिल १८९० च्या त्यांच्या सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले आणि दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मान्य झाली. पुढे बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यांतील आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. वॉर्डातल्या चौघींनी मिळून स्वतःच ऑफचे फिरते वेळापत्रक मांडले, तर मेट्रनचे काम हलके होते आणि कोणी एकटी डोळ्यांवर येत नाही. एवढे करूनही सुट्टीच नाकारली, तर डायरी आणि अर्जाची पोच घेऊन सहायक कामगार आयुक्तांकडे जाता येते.

त्या मुलीला महिन्यातले तीन बुधवार मिळाले, चौथा आठवडा फिरता राहिला. पूर्ण यश नाही, पण एकवीस दिवसांची रांग तुटली.

कार्यकर्त्यांना एक विनंती. विहारातली रविवारची सभा नर्स मुलींना गाठता येत नाही, एखादी बैठक मधल्या वारी संध्याकाळी ठेवून पाहा. आणि घरच्यांनाही सांगा, की ऑफच्या दिवशी धुणे, भांडी आणि पाहुणे तिच्याच वाट्याला आले, तर रुग्णालयातून मिळवलेली सुट्टी आपणच घरी काढून घेतो.