टोनी बेनेट : नाव बदलले, गाणे नाही

पाश्चात्त्य सुगम संगीत म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर गिटार, झगमगते दिवे आणि कानठळ्या बसविणारे ढोल येतात. पण याच संगीतात एक हळुवार परंपराही आहे. तिच्या गायकाला 'क्रूनर' म्हणतात. मायक्रोफोन येण्यापूर्वी गायकाला नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकावा लागे. १९२५ च्या सुमारास विजेच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण होऊ लागले, नभोवाणी घरोघर पोचली आणि ही गरज उरली नाही. समोर बसलेल्या एकाच माणसाशी बोलावे तसे आता गाता येऊ लागले. शब्दाचा उच्चार, मधला श्वास, ओळीच्या शेवटी किंचित रेंगाळणे, हे सारे श्रोत्याला ऐकू येऊ लागले.

बिंग क्रॉस्बीने ही गायकी लोकप्रिय केली. पुढे तिला बहर आणण्यात इटलीहून अमेरिकेत आलेल्या सामान्य कुटुंबांतील मुलांचा वाटा फार मोठा होता. फ्रँक सिनात्रा, पेरी कोमो, डीन मार्टिन, व्हिक डॅमोन ही त्यांतील ठळक नावे. याच मालिकेतला टोनी बेनेट. त्याची जीवनकथा केवळ एका गायकाच्या यशाची नाही. कलावंताने बाजाराला काय द्यावे आणि स्वतःकडे काय राखावे, हा प्रश्न तिच्यात पुन्हा पुन्हा उभा राहतो.

त्याचे मूळ नाव अँथनी डॉमिनिक बेनेडेट्टो. जन्म ३ ऑगस्ट १९२६ रोजी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात झाला. वडील दक्षिण इटलीतील कॅलाब्रिया प्रांतातून आलेले, किराणा मालाचे दुकानदार. आई शिवणकाम करी. १९३६ साली न्यूयॉर्कमधील ट्रायबरो पुलाच्या उद्घाटनप्रसंगी नगराध्यक्ष ला ग्वार्डिया यांच्या शेजारी उभा राहून हा पोरगा गायला. तो दहा वर्षांचा असताना वडील वारले आणि संसाराचा सगळा भार आईच्या शिवणयंत्रावर आला. चित्रकला आणि संगीत शिकविणाऱ्या शाळेत तो दाखल झाला खरा. पण घरच्या ओढाताणीमुळे सोळाव्या वर्षी ती सोडावी लागली. मग इटालियन उपाहारगृहांत गिऱ्हाइकांना वाढता वाढता गाणे म्हणणारा वाढपी म्हणून त्याने काम केले.

१९४४ च्या अखेरीस त्याला सैन्यात भरती व्हावे लागले. जर्मनीतील लढाई त्याने आघाडीवरून पाहिली. डाखाऊच्या छळछावणीची एक उपछावणी मुक्त करणाऱ्या सैनिकांत तो होता. युद्ध संपल्यावर तेथेच एक प्रसंग घडला. एका कृष्णवर्णीय मित्राबरोबर जेवायला बसला एवढ्याच कारणावरून वरिष्ठ अधिकाऱ्याने त्याला पदावनत केले. अमेरिकन सैन्यात त्या वेळी गोरे आणि काळे यांच्या तुकड्या वेगळ्या असत. हा अपमान तो विसरला नाही. १९६५ साली मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नेतृत्वाखाली सेल्माहून माँटगोमेरीला निघालेल्या मोर्चात तो सामील झाला आणि मोर्चेकऱ्यांसाठी गायला.

युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च अमेरिकन सरकार करी. त्या सवलतीतून बेनेट 'बेल कांतो' ही इटालियन गायनपद्धती शिकला. श्वासावर ताबा ठेवून, गळा न ताणता, सूर गोलाईने लावणे हे तिचे मर्म. दुसऱ्या गायकांची नक्कल करू नकोस, वादकांकडून शीक, असा सल्ला त्याला एका शिक्षिकेकडून मिळाला. तो त्याने आयुष्यभर मानला. पियानोवादक आर्ट टेटम त्याचा आदर्श बनला. बेनेटच्या गाण्यात जॅझची लवचिकता आली ती येथून.

१९४९ मध्ये गायिका पर्ल बेली हिच्या कार्यक्रमात विनोदी नट बॉब होप याने त्याला ऐकले. तेव्हा तो 'जो बारी' या नावाने गात असे. होपला ते नाव पसंत पडले नाही आणि मूळ नाव फार लांब वाटले. म्हणून त्याने 'टोनी बेनेट' असे सुटसुटीत नाव सुचविले. डीन मार्टिन हा मूळचा डिनो क्रोचेट्टी, व्हिक डॅमोन हा व्हिटो फारिनोला! नाव कापून घेणे ही त्या काळी रंगमंचावर पाऊल ठेवण्याची जणू पहिली किंमतच होती.

१९५० साली कोलंबिया कंपनीशी करार झाला. पुढच्याच वर्षी 'बिकॉज ऑफ यू' हे गाणे दहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. १९६२ साली आलेल्या 'आय लेफ्ट माय हार्ट इन सॅन फ्रान्सिस्को' या गाण्याने तर त्याचे नाव जगभर गेले. गंमत अशी की हे गाणे तबकडीच्या मागल्या बाजूला होते. कंपनीची भिस्त पुढच्या बाजूवर होती. त्याला त्या वर्षीचा सर्वोत्तम ध्वनिमुद्रिकेचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

पण तोवर रॉक संगीताचे वारे वाहू लागले होते. तरुण मंडळींना खपणारी नवी गाणी गा, असा कंपनीचा आग्रह सुरू झाला. १९७० साली त्याने तशी एक ध्वनिमुद्रिका केली. त्या वेळी मनस्ताप एवढा झाला की ध्वनिमुद्रणापूर्वी ओकारी झाली, असे त्याने पुढे सांगितले. लवकरच कोलंबियाशी असलेले नाते तुटले. नंतरच्या काळात पियानोवादक बिल इव्हान्स याच्याबरोबर त्याने दोन ध्वनिमुद्रिका केल्या. केवळ एक आवाज आणि एक पियानो, एवढीच सामग्री. आज जाणकार त्या त्याच्या उत्तम कामांत गणतात. परंतु पोट त्यावर भरेना. कराची थकबाकी आणि कोकेनचे व्यसन यांनी त्याला घेरले. १९७९ मध्ये तर जिवावर बेतले. तत्त्वाला चिकटून राहणाऱ्याला सुख मिळतेच असे नाही, हेही येथे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे.

सावरले ते मुलाने. डॅनीने वडिलांचा कारभार हाती घेतला. त्याने गाणे बदलायला सांगितले नाही. तेच गाणे नव्या श्रोत्यांपुढे नेले. १९८६ साली बेनेट कोलंबियाकडे परतला. १९९४ मध्ये तरुणांच्या एमटीव्ही वाहिनीवर तो आपली जुनीच गाणी गायला आणि त्या ध्वनिमुद्रिकेला वर्षातील सर्वोत्तम म्हणून ग्रॅमी मिळाला. आजोबांच्या वयाच्या या गायकासमोर विशीतली मुले तन्मयतेने बसत. मैफलीत मधेच तो मायक्रोफोन खाली ठेवून एखादे गाणे नुसत्या गळ्यावर गाई. क्रूनरचा जन्म मायक्रोफोनमुळे झाला. पण पाया पक्का असेल तर त्यावाचूनही भागते, हेच जणू तो दाखवीत असे.

२०१६ साली त्याला अल्झायमर म्हणजे स्मृतिभ्रंशाचा विकार असल्याचे निदान झाले. ऑगस्ट २०२१ मध्ये, ९५ व्या वर्षी, लेडी गागा या गायिकेसह तो न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी सभागृहात शेवटचे गायला. रोजच्या गोष्टी आठवत नव्हत्या. पण वाद्ये सुरू होताच गाण्यांचे शब्द अचूक येत होते. २१ जुलै २०२३ रोजी त्याचे निधन झाले.

बेनेट आयुष्यभर चित्रेही काढीत असे. त्या चित्रांवर मात्र तो 'बेनेडेट्टो' अशीच सही करी. बाजाराला दिलेले नाव त्याने तेथे परत घेतले. आणि २००१ साली आपल्या क्वीन्स भागात त्याने कलाशिक्षणाची एक सार्वजनिक शाळा उभी करविली, तिला स्वतःचे नाव न देता सिनात्राचे दिले. पैशापायी सोळाव्या वर्षी ज्याची शाळा सुटली, त्याने इतर मुलांची सुटू नये म्हणून ही सोय केली. आपण कला शाखेचे विद्यार्थी; 'हे शिकून पुढे काय?' हा प्रश्न आपल्याला घरीदारी ऐकावा लागतो. त्याचे सोपे उत्तर बेनेटच्या चरित्रात नाही. पण तडजोड कोठवर करायची, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते आणि त्याची किंमतही ज्याची त्याने मोजायची असते, एवढे त्यातून निश्चित कळते.