करवीरच्या दप्तरांत गेलेल्या माणसांचा शोध

कोल्हापूरच्या दैनिकातली निधनवार्ता ठरलेल्या वळणाने जाते. नाव, वय, पश्चात कोण कोण आहे, आणि शेवटी 'रक्षाविसर्जन सोमवारी सकाळी नऊ वाजता'. इथे अस्थी तिसऱ्या दिवशी गोळा होतात, म्हणून बातमीचं खरं काम पै-पाहुण्यांना ती वेळ कळवणं हे असतं. वर्ष त्यात छापत नाहीत, ते अंकाच्या माथ्यावर असतं. घरची माणसं मात्र चौकट तेवढी कापून पोथीत ठेवतात. तीस वर्षांनी नातवाच्या हाती नाव आणि सोमवार उरतो, साल गेलेलं असतं. कात्रणामागे तारीख लिहायला एक क्षण लागतो, पण तेवढंही घराघरांत राहून जातं.

'पुढारी' १९३९ पासून दैनिक म्हणून निघतो आहे, 'सकाळ'ची कोल्हापूर आवृत्ती १९८०ची. म्हणजे या जिल्ह्यातल्या कित्येक साध्या माणसांचं छापील चरित्र या चार-सहा ओळींतच आहे. त्यांत बायकांची ओळख सहसा सासरच्या नावाने होते, माहेरचं गाव क्वचित येतं. ज्याला आजीच्या माहेरापर्यंत पोचायचं आहे, त्याची वाट इथेच बंद होते.

सरकारी दप्तराकडे वळताना एक नियम पक्का ध्यानात ठेवावा लागतो. माणूस राहतो कुठे यावर नोंद ठरत नाही, मृत्यू जिथे झाला तिथे ती होते. भुदरगडातला शेतकरी कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात वारला, तर त्याची नोंद कोल्हापूर महापालिकेत सापडेल. आणि जुन्या काळी दुखणं हाताबाहेर गेलं की गाडी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलकडे वळायची. ते १८९४ साली डॉ. वॉन्लेस यांनी सुरू केलेलं. तिथे वारलेल्या माणसाचा दाखला गावच्या ग्रामपंचायतीत कितीही शोधला तरी मिळणार नाही, कारण मिरज जिल्ह्याबाहेर आहे. वारसनोंद अडली की लोक वर्षानुवर्षं चुकीच्या कचेरीत खेटे घालतात, ते बहुतेक याच कारणाने.

जन्म-मृत्यू नोंदणीचा आजचा कायदा १९६९चा, अंमल १९७०पासून. एकवीस दिवसांत कळवलं तर नोंदीला पैसे पडत नाहीत, उशीर झाला की शुल्क, मग परवानगी असं ओझं वाढत जातं. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. कळवण्याची जबाबदारी कायद्याने घरच्यांवर आहे, रुग्णालयावर आहे आणि स्मशानभूमी सांभाळणाऱ्यावरही आहे. पंचगंगा स्मशानभूमीत महापालिका अंत्यसंस्कार मोफत करते, लोक त्यासाठी शेणी, म्हणजे गोवऱ्या, दान करतात. होळीच्या सुमाराला शेणी दानाची हाक निघते. दहन कुणालाही परवडावं ही या शहराची रीत मला फार मोठी वाटते.

१९७०च्या मागे गेलं की कोतवालाच्या वहीत शिरावं लागतं. गावातला जन्म-मृत्यू कोतवाल कळवायचा, गाव नमुना चौदामध्ये त्याची नोंद व्हायची, आणि ही दप्तरं पुढे तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात गेली. जुनी पानं मोडी लिपीत. २०२३ साली न्या. संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा हीच बांधलेली गाठोडी राज्यभर उघडली गेली. जातीचा एक शब्द शोधताना हजारो मृत माणसांची नावं नजरेखालून गेली. त्यांची सूची तेव्हाच व्हायला हवी होती.

कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ला मुंबई राज्यात विलीन झालं. त्याआधी विशाळगड, बावडा, कागल, इचलकरंजी या जहागिरींचा कारभार वेगळा, त्यामुळे एकाच खोऱ्यातल्या दोन गावांचे कागद दोन वाटांनी गेलेले असू शकतात. संस्थानी कागदांसाठी शहरातलं पुराभिलेखागार आहे.

घरच्यांना मात्र तारीख ठाऊक नसते, तिथी असते. 'श्रावण वद्य अष्टमीला गेले, प्लेगाच्या साली' किंवा 'भूकंपाच्या आदल्या वर्षी'. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७चा, म्हणजे साल हाती आलं. जुनं पंचांग उघडलं की तिथीची तारीख निघते. आणि आजोबांच्या नावावर जमीन असेल तर फेरफार नोंद पाहावी. सातबाऱ्यावरून जुनं नाव कमी करताना तिथे खातेदाराच्या मृत्यूचा उल्लेख येतो.

कागद संपतात तिथे हेळवी येतो. सीमाभागातून बैल घेऊन येणारा हा माणूस दारात उभा राहून घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवतो, नवी नावं वहीत चढवतो, धान्य-भांडी घेऊन पुढच्या गावी जातो. वंशावळ पुरुषांच्या अंगाने चालते हे त्याच्याही वहीचं उणं आहे, तरी अनेक कुळांकडे याहून जुना आधार दुसरा नाही.

परमुलखातल्या मृत्यूचे माग याहून स्पष्ट असतात. करवीरचे छत्रपती राजाराम महाराज युरोपहून परतताना ३० नोव्हेंबर १८७०ला फ्लॉरेन्समध्ये गेले, वय अवघं वीस. आर्नो नदीच्या काठी दहन झालं, १८७४ साली तिथे स्मारक उभं राहिलं. ते आजही आहे. उलट कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते १९४८ सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. इथे मरण पावलेल्यांची दफनभूमी कोल्हापुरात आहे, महावीर उद्यानात स्मृतिस्तंभ आहे. २०१९ साली त्या वेळच्या मुलांपैकी काही म्हातारी होऊन इथे आली. महायुद्धांत पडलेल्या आपल्या शिपायांची नावंही राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या याद्यांत आहेत, कित्येकांपुढे बापाचं नाव आणि गाव लिहिलेलं. परक्यांनी हे जपलं आणि आपल्या गावची वही आपण वाचलेली नाही, याची मला मनापासून खंत आहे.

करवीर नगर वाचन मंदिर १८५०पासूनचं. तिथल्या आणि दैनिकांच्या जुन्या अंकांतल्या निधनवार्तांची नावनिहाय सूची व्हावी. शिवाजी विद्यापीठाच्या इतिहास विभागाने मोडी शिकलेली मुलं घेऊन एका तालुक्याच्या मृत्यूनोंदी वाचायला घ्याव्यात. सुरुवात शिरोळपासून करावी, कारण तिथली दप्तरं आधी वाचवायला हवीत. २००५, २०१९ आणि २०२१ असं तीनदा त्या तालुक्यात पुराचं पाणी शिरलं आहे.