प्लॅटिनमची छाया, शाईचा रंग

आपल्या घरातील जुना अल्बम एकदा काढून पाहा. आजोबा-आजींच्या विवाहाचे कृष्णधवल चित्र कडांशी पिवळसर झाले असेल, पण चेहरे अजून स्पष्ट ओळखू येतात. त्याच अल्बममधील १९७०-८०च्या सुमाराची रंगीत चित्रे मात्र बहुधा तांबूस पडलेली दिसतील. निळा आणि हिरवा रंग जणू कोणी पुसून नेला. अलीकडे घरच्या इंकजेट यंत्रावर साध्या शाईने काढलेले चित्र उघड्या भिंतीवर लावले असेल, तर त्याची कळा पाहता पाहता उतरते. नवे ते अधिक टिकाऊ, हा समज निदान छायाचित्राच्या बाबतीत खरा ठरलेला नाही.

म्हणूनच काही हौशी व व्यावसायिक छायाचित्रकार आज एका दीडशे वर्षे जुन्या पद्धतीकडे वळले आहेत, आणि नवल असे, की ते इंकजेट यंत्राला सोडून नव्हे, तर सोबत घेऊन. दिल्लीलगतच्या गुरुग्राम येथे २०१९ साली सुरू झालेले ‘म्युझिओ कॅमेरा’ हे संग्रहालय छायाचित्रकार आदित्य आर्य यांच्या संग्रहातून उभे राहिले. तेथील लाकडी कॅमेऱ्यांच्या रांगेपुढे उभे राहिले, की ही जुनी विद्या किती हातांची होती हे ध्यानी येते. त्या विद्येतील सर्वांत मानाची शाखा म्हणजे प्लॅटिनमचे छायाचित्र.

इंग्लंडमध्ये विल्यम विलिस यांनी १८७३ साली या पद्धतीचे पेटंट घेतले. नेहमीच्या कृष्णधवल चित्रात चांदीचे कण जिलेटिनच्या पातळ थरात अडकलेले असतात. प्लॅटिनमच्या चित्रात असा थरच नसतो. धातू थेट कागदाच्या तंतूंत मुरलेला असतो. त्यामुळे चित्राला चकाकी नसते, आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या करड्या छटा इतक्या हळुवार उतरतात, की नजर कोठे अडखळत नाही. चांदीला हवेतील गंधकाची बाधा होते, प्लॅटिनमला होत नाही. कागद टिकेल तितके चित्र टिकते. जुन्या अल्बममध्ये अशा चित्राची एक खूण सापडते: समोरच्या कोऱ्या पानावर त्याच चित्राचे फिकट तपकिरी प्रतिबिंब उमटलेले असते. प्लॅटिनमच्या सान्निध्याने शेजारचा कागद हळूहळू करपतो, त्याचा हा परिणाम.

पहिल्या महायुद्धात स्फोटकांसाठी लागणारी आम्ले बनवण्याच्या कामी प्लॅटिनम खर्ची पडू लागले, त्याचा भाव कडाडला आणि तयार कागद बाजारातून दिसेनासा होत गेला. तेव्हापासून ज्याला हे काम करायचे, त्याने कागदाला लेप स्वतःच द्यावा, अशी रीत पडली.

ती रीत मोठी पाहण्यासारखी आहे. मंद पिवळ्या प्रकाशात लोहाचा एक क्षार आणि प्लॅटिनमचा क्षार थेंब मोजून एकत्र करतात. आठ इंच बाय दहा इंचांच्या चित्राला दोन डझनांच्या आसपास थेंब पुरतात. मृदू कुंचल्याने हे मिश्रण सुती कागदावर पसरायचे, कागद वाळवायचा, त्यावर निगेटिव्ह ठेवून काचेच्या चौकटीत घट्ट दाबायचे आणि चौकट उन्हात किंवा अतिनील किरणांच्या दिव्याखाली ठेवायची. प्रकाशाचा परिणाम होतो तो लोहावर. चौकट उघडली, की कागदावर चित्राची अस्पष्ट चाहूल तेवढी दिसते. मग पोटॅशियम ऑक्झलेटचे द्रावण एका ओघात त्यावर ओततात, आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच संपूर्ण चित्र उजळून समोर येते. हळूहळू उमटणे ठाऊकच नाही! शेवटी सौम्य आम्लाच्या पाण्यात उरलेले लोह काढून टाकतात, कारण ते राहिले तर कागद पिवळा पडतो. (ऑक्झलेट हे विष आहे, म्हणून स्वयंपाकघरातील भांड्यांशी या प्रयोगांची गाठ कधी पडू देऊ नये.)

दिल्लीच्या हवेत हे काम करणाऱ्याची खरी परीक्षा ऋतू घेतात. मे-जूनच्या कोरड्या वाऱ्यात लेप इतका शुष्क होतो, की काळा रंग खोल उतरत नाही. तेव्हा कागद पाण्याच्या वाफेवर धरून किंचित दमट करावा लागतो. श्रावणात उलट गत. जाणता कारागीर म्हणूनच खोलीत आर्द्रतामापक लावल्यावाचून कुंचला हाती घेत नाही.

या सर्वांत यंत्राचे काम कोठे येते? पहिले येते ते निगेटिव्हच्या ठायी. या पद्धतीत चित्र मोठे करता येत नाही. जेवढी निगेटिव्ह, तेवढेच चित्र. म्हणून पूर्वी मोठ्या चित्रासाठी मोठा कॅमेरा व मोठी काच लागे. आता संगणकात चित्र उलटे करून, त्याच्या छटा प्लॅटिनमच्या प्रकृतीला जुळवून, इंकजेट यंत्राने पारदर्शक पटलावर छापले, की हवी तेवढी निगेटिव्ह हाती येते. अमेरिकन छायाचित्रकार डॅन बर्कहोल्डर यांनी या विषयावर १९९५ साली पुस्तक लिहिले, आणि अनेकांचा मार्ग सुकर झाला.

या सोयीचे मोल समजण्यासाठी राजा दीनदयाळ यांचे उदाहरण घेऊ. १८४४ साली मीरतजवळच्या सरधना गावी जन्मलेल्या या थोर छायाचित्रकाराच्या स्टुडिओतील २,८५७ काचेच्या निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने १९८९ साली मिळवल्या. शंभर वर्षांहून जुनी अशी काच चौकटीत दाबून उन्हात ठेवण्याचे धाडस आज कोण करील? एक तडा गेला, की ते चित्र कायमचे गेले. तिची संगणकीय प्रत घेऊन पटलावर नवी निगेटिव्ह छापली, तर मूळ काच कपाटात सुरक्षित राहते आणि चित्र पुन्हा धातूत उतरू शकते. आपल्या घरच्या एकुलत्या एक जुन्या चित्राचेही असेच करता येईल.

यंत्राचे दुसरे काम रंगाचे. एकाच कागदावर रंगद्रव्याच्या शाईने फिकट रंगीत चित्र छापायचे, आणि त्याच जागी प्लॅटिनमचे चित्र उमटवायचे. काहीजण रंग आधी छापतात, काहीजण नंतर. रंगीत चित्रातून काळा अंश काढून टाकतात, कारण अंधार, सावल्या व आकार यांचा भार प्लॅटिनम उचलते. शाई पाण्यात विरघळणारी असेल तर धुताना सारे वाहून जाते, म्हणून रंगद्रव्याचीच शाई हवी. कागद भिजला की फुगतो आणि वाळला की आक्रसतो. अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला तरी ओठांचा रंग गालावर जातो. त्यावर उपाय म्हणून कागद आधीच भिजवून, वाळवून, आक्रसवून घेतात. त्यातही इंकजेटसाठी मिळणाऱ्या कित्येक कागदांत खडूसारखा क्षार मिसळलेला असतो, आणि तो लोहाच्या लेपाचे काम बिघडवतो. एका चित्रासाठी चार-पाच कागद वाया जाणे ही यात नवलाची गोष्ट नव्हे.

आपल्या देशाला ही कल्पना अगदीच परकी वाटू नये. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडील स्टुडिओंत छायाचित्रावर कुंचल्याने रंग भरणारे चित्रकार असत. पगडीचा जरीकाठ आणि गळ्यातील पाचू ते हाताने रंगवीत. पुण्यात जन्मलेले नाट्यदिग्दर्शक इब्राहिम अल्काझी यांनी जमवलेल्या, आणि आज दिल्लीत जतन होत असलेल्या संग्रहात अशी रंगवलेली चित्रे पाहावयास मिळतात. त्या रंगाऱ्याची जागा आता यंत्राने घेतली आहे, एवढेच.

पण रंगाच्या या जोडकामाविषयी एक गोष्ट लपवून चालणार नाही. रंगद्रव्याची शाई साध्या शाईहून पुष्कळ टिकाऊ असली, तरी ती धातू नव्हे. चित्राचे दोन अंश दोन वेगळ्या वेगांनी म्हातारे होतील. प्रस्तुत लेखकाला हे वैगुण्य वाटत नाही. शालूचा रंग उद्या फिका पडला, तरी शालू नेसलेल्या आजीचा चेहरा खाली प्लॅटिनममध्ये राहील. निव्वळ शाईच्या चित्रात मात्र रंगाबरोबर चेहराही जातो. केवळ विकत घेणाऱ्याला हे आधी सांगितले पाहिजे. म्हणून नीटस काम करणारा कारागीर चित्राच्या मागे, समासात, शिसपेन्सिलीने तीन ओळी लिहून ठेवतो: चित्रातील व्यक्तीचे नाव, छापल्याची तारीख, आणि कोणता रंग कशाचा.