फुलकोबी आणि थंडीची मात्रा

कोबी, नवलकोल व फुलकोबी ह्या तीन भाज्या वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच जातीच्या होत, हे बाजारात सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. एकीची पाने गड्डा धरतात, दुसरीचे खोड फुगते. फुलकोबीचा पांढरा गड्डा म्हणजे वाढ मध्येच थांबलेल्या असंख्य पुष्पांकुरांचा दाट समूह असतो.

हा समूह केव्हा बांधला जावा, हे मुख्यतः तापमान ठरविते. १८२२ साली इंग्लंडहून फुलकोबीचे बी सहारनपूरच्या बागेत आले. पुढे येथील उत्पादकांनी पिढ्यानुपिढ्या बी निवडून राखले व उष्णता सोसणारे हिंदी वाण निर्माण झाले. त्यांतील लवकरचे वाण सुमारे २० ते २७ अंश सेल्सियस तापमानातही गड्डा धरतात. ‘स्नोबॉल’ ह्या युरोपीय वर्गास मात्र १० ते १६ अंशांची थंडी लागते. म्हणून उत्तर भारताच्या मैदानात पहिल्यांचे बी मे-जूनमध्ये, तर दुसऱ्याचे सप्टेंबरअखेर व ऑक्टोबरात पेरतात.

हा क्रम चुकल्यास पुढे कितीही खतपाणी घातले तरी हंगाम हाती लागत नाही. लवकरचा वाण उशिरा लावल्यास कोवळ्या रोपालाच थंडी गाठते आणि बोराएवढा गड्डा येऊन वाढ खुंटते. उशिराचा वाण आधी लावल्यास नुसता पाला माजतो. बी पाहून वाण ओळखता येत नाही, सारे दाणे मोहरीसारखेच. तेव्हा नाव नसलेली पुडी, स्वस्त असली तरी, न घेणे बरे. गड्डा दिसू लागताच भोवतालची पाने त्यावर मिटून बांधावीत, कारण उन्हाने तो पिवळा पडतो.