नोबेलचा सोहळा आणि आपले खोडद

नारायणगावला तमाशाच्या राहुट्या पडल्या, की यात्रांचा हंगाम जवळ आला असे आपण समजतो. गावोगावचे पंच येतात, फड पाहतात, सुपारी ठरवतात. असाच एक हंगाम दर वर्षी डिसेंबरात दूर स्वीडन देशात येतो. त्या देशाची राजधानी स्टॉकहोम. तिथे नोबेल पारितोषिके देतात. विद्येचा याहून मोठा मान जगात नाही, असे पुष्कळ लोक मानतात.

हा नोबेल कोण? आल्फ्रेड नोबेल हा १८३३ साली स्टॉकहोमला जन्मला. विहीर खणताना खडक लागला की आपण सुरुंग लावतो ना? त्या कामी येणारा डायनामाइट नावाचा पदार्थ याने १८६७ साली काढला. त्यावर अमाप पैसा मिळवला. लग्न केले नाही, मूलबाळ नाही. १८९५ साली त्याने मृत्युपत्र केले. पैसा ठेवीत ठेवावा, मुद्दलाला हात लावू नये आणि उत्पन्नातून दर साल बक्षिसे द्यावीत, असा त्याचा बेत. १० डिसेंबर १८९६ रोजी तो वारला. १९०१ पासून बक्षिसे सुरू झाली. पदार्थविज्ञान, रसायन, वैद्यक, साहित्य आणि शांतता हे त्याचे पाच विषय. अर्थशास्त्राचे बक्षीस मागाहून, १९६९ पासून, स्वीडनच्या मध्यवर्ती बँकेच्या देणगीतून सुरू झाले.

बक्षिसे कोणाला, हे ऑक्टोबरात जाहीर होते. सोहळा मात्र नोबेलच्या पुण्यतिथीला, १० डिसेंबरला. त्याच्या आधीचा सगळा आठवडाच तिथे गजबजलेला असतो. तेव्हा स्टॉकहोमला कडाक्याची थंडी असते आणि दुपारी तीनच्या आतच सूर्य मावळतो. म्हणून अलीकडे त्या आठवड्यात शहरातल्या मोठमोठ्या इमारतींवर रंगीत दिव्यांची रोषणाई करतात. ती कोणीही फुकट पाहावी.

पण रोषणाईपेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. बक्षीस मिळालेल्याने व्याख्यान दिलेच पाहिजे, असा नियम आहे. नुसता हार गळ्यात घालून परत जायचे नाही. आपण काय शोधले, कसे शोधले, हे लोकांपुढे उभे राहून सांगायचे. मला विचाराल तर साऱ्या आठवड्याचा जीव तेवढाच आहे. शहराच्या कडेला रिंकेबी नावाची वस्ती आहे. परदेशांतून पोटासाठी आलेल्या लोकांची ती वस्ती. तिथल्या शाळेतली मुले साहित्याच्या मानकऱ्याचे लेखन वाचून तयारी करतात, आणि मानकरी त्यांना भेटायला येतो. नोबेलच्या संग्रहालयात आणखी एक गंमत आहे. तिथल्या उपाहारगृहातल्या खुर्च्या उलट्या करून त्यांच्या बुडाखाली मानकरी आपली सही करतात!

१० तारखेला सकाळी चक्क तालीम होते. एवढे विद्वान, पण कुठून यायचे, कुठे थांबायचे, कसे वाकायचे, हे त्यांना शिकवावे लागते. दुपारी संगीतगृहात सभा भरते. फुले इटलीतल्या सान रेमो गावाहून आणलेली असतात, कारण नोबेल तिथे वारला. स्वीडनचा राजा स्वतः सोन्याचे पदक आणि मानपत्र हाती देतो. मानकरी तीनदा लवून नमस्कार करतो. एकदा राजाला, एकदा विद्वानांना, एकदा लोकांना. मग नगरभवनात सुमारे १३०० माणसांची पंगत बसते. त्या दालनाचे नाव निळे दालन, पण भिंती आहेत लाल विटांच्या! बांधणाऱ्याला भिंती निळ्या करायच्या होत्या. उघडी वीट पाहून त्याने बेत बदलला. नाव तेवढे राहिले. पानात काय वाढणार, हे त्या संध्याकाळपर्यंत कोणाला कळू देत नाहीत. या पंगतीला शिकणाऱ्या मुलांनाही काही जागा ठेवतात, आणि त्या चिठ्ठ्या टाकून वाटतात.

पोशाखाचा तिथे फार कडक दंडक आहे. पण आपल्या देशाचा पोशाख चालतो. २०१९ साली अभिजित विनायक बॅनर्जी हे धोतर आणि बंद गळ्याचा कोट घालून पदक घ्यायला गेले. त्यांच्याबरोबर त्यांच्या पत्नी एस्थर डुफ्लो यांनाही पदक मिळाले. त्या फ्रान्सच्या, पण नेसल्या होत्या साडी. अभिजितबाबूंचा जन्म मुंबईचा, आणि आई मूळच्या मराठी, पाटणकरांच्या घरच्या. गरिबी हटवण्याचे कोणते उपाय खरेच लागू पडतात, हे पारखून पाहण्याबद्दल तो मान होता.

शांततेचे बक्षीस तेवढे शेजारच्या नॉर्वे देशात, ओस्लो शहरी देतात. तिथे संध्याकाळी लोक मशाली घेऊन रस्त्यातून मिरवणूक काढतात. १९७९ साली मदर तेरेसा तिथे गेल्या. त्यांनी सांगितले, मेजवानी नको, तो पैसा गरिबांना द्या. मेजवानी रद्द झाली.

आता आपल्याकडे वळू. १९३० साली चंद्रशेखर वेंकट रामन यांना पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले. प्रकाश पाण्यासारख्या द्रवातून गेला, की त्यातला अगदी थोडा भाग रंग बदलून बाहेर पडतो. हे त्यांनी कलकत्त्यात साध्या साधनांनी दाखवून दिले. ते स्टॉकहोमला हजर राहिले. पण देश तेव्हा पारतंत्र्यात होता. आपल्याला इंग्रजांच्या निशाणाखाली बसावे लागले, याचे त्यांना रडू आले. ही गोष्ट त्यांनी स्वतःच पुढे सांगितली आहे.

रामन यांचा शोध २८ फेब्रुवारी १९२८ चा. म्हणून १९८७ पासून २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन झाला. त्या सुमारास आपल्या जुन्नर तालुक्यातल्या खोडदला जत्राच भरते म्हणा ना! शाळा-शाळांची पोरे आपापले प्रयोग मांडतात. एरवी लांबून दिसणाऱ्या त्या पांढऱ्या थाळ्या लोकांना जवळून पाहता येतात.

त्या थाळ्या म्हणजे दुर्बीण. डोळा लावायची नव्हे. आकाशातून येणाऱ्या रेडिओच्या लहरी ती गोळा करते. अशा ३० थाळ्या आहेत आणि एकेक ४५ मीटर रुंद आहे. १४ खोडदजवळ एकत्र, आणि बाकीच्या १६ तीन बाजूंना लांबवर पसरलेल्या. पत्रा नाही, बारीक तारांची जाळी आहे. वारा आरपार निघून जातो, त्यामुळे लोखंड कमी लागले, खर्चही वाचला. ही अक्कल गोविंद स्वरूप आणि त्यांच्या माणसांची. स्वरूप २०२० साली वारले. त्याच साली परदेशातल्या विद्युत अभियंत्यांच्या मोठ्या संस्थेने या दुर्बिणीला 'मैलाचा दगड' हा मान दिला. भारतातल्या कामाला तो मान मिळण्याची ही तिसरी वेळ. आधीचे दोन जगदीशचंद्र बोस आणि रामन यांच्या कामाचे.

आणि नोबेलशी नाते आणखी एक आहे. पुष्कळ थाळ्या जोडून एक मोठी दुर्बीण करायची, ही युक्ती मार्टिन राइल यांची. तिला १९७४ चे नोबेल मिळाले. त्यांच्याबरोबर अँटनी ह्युइश यांनाही मिळाले, ते स्पंदक ताऱ्यांबद्दल. भोवऱ्याला विजेरी बांधून फिरवली तर प्रकाश ठराविक वेळाने डोळ्यावर येईल. तसा हा फिरणारा तारा आपल्याकडे लहरी टाकतो. तो प्रथम १९६७ साली ज्यांना सापडला, त्या जोसेलिन बेल तेव्हा शिकत होत्या. त्यांना नोबेलात वाटा दिला नाही. मला तरी हे बरे वाटत नाही. २०१८ साली त्यांना दुसरे मोठे बक्षीस मिळाले. ते सगळे त्यांनी गरजू विद्यार्थ्यांना देऊन टाकले. असेच तारे खोडदची दुर्बीणही शोधते.

एक गोष्ट मात्र मोकळेपणाने बोलली पाहिजे. आकाशातल्या या लहरी फार क्षीण असतात. मोबाइल, वीजयंत्रे, कारखाने यांच्या गलबल्यात त्या बुडून जातात. म्हणून या भागावर बंधने आली. पुणे-नाशिक जलद रेल्वेच्या मार्गालाही दुर्बिणीची अडचण सांगितली गेली, आणि रेल्वे हवी म्हणणारे इथले लोक नाराज झाले. त्यांची नाराजी खोटी नाही. कांदा, टोमॅटो लवकर बाजारी पोचावा असे कोणाला वाटणार नाही? दुर्बिणीची गरजही खोटी नाही. पण ती नक्की काय ऐकते आणि कशाने बिघडते, हे समजून घेऊन बोललेले बरे. विज्ञान दिनाला तिथली शास्त्रज्ञ मंडळी समोर उभी असतात आणि मराठीत उत्तरे देणारेही भेटतात. हा प्रश्न त्यांनाच विचारा. जाताना मोबाइल बंद ठेवा, आणि उन्हाचे डोक्याला काही घ्या, कारण थाळ्यांपाशी सावली थोडी.