फेरीबोटीवर चढलेले घर

अब्बांनंतरची चार महिने दहा दिवसांची इद्दत संपली, तरी अम्मी उंबरठा ओलांडेना. शेवटी मेच्या सुटीत आम्ही झोपण्याची सोय असलेली गाडीच भाड्याने घेतली. मागे दोन बाके, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी. वुजूसाठी तेच पाणी पुरवून वापरायचे!

कोकणच्या किनारी रस्त्याला खाड्या तोडतात. फेरीबोट गाडीसकट पलीकडे नेते. आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेशवी. प्रत्येक वळणावर डबे आपटत. अम्मी म्हणाली, "तुमचे अब्बा असते तर ओरडले असते."

दाभोळला धक्क्याजवळच्या आदिलशाही मशिदीच्या अंगणात ती बराच वेळ बसली. संध्याकाळी तिने स्वतःहून शेगडी पेटवली. कितीतरी महिन्यांनी आम्ही तिच्या हातचा चहा प्यालो.